सत्तार बत्तीवाला आन् तेलाची कमिटी

मुंबईच्या सरकारनं एकदा यवतच्या सत्तार बत्तीवाल्याचं ऐकलं व्हतं, असं मी सांगितलं की आताची माणसं हसत्यात. हसा बापडे. गावात विजेचे खांब आलेत, बटन दाबलं की उजेड पडतो, तुम्हाला हसायला काय जातंय? पण मी तिथं व्हते. माझ्या कढईपासून हाकेच्या अंतरावर समदं घडलं, आन् माझे डोळे तवा चांगले शाबूत व्हते.

मी गिताबाई. एसटीच्या थांब्यासमोर माझी भज्यांची कढई असायची, आन् बाजाराच्या दिवशी तीच उचलून मी बाजारात बसायची. सत्तारभाईचा आन् माझा शेजार बाजारातला. उंच, काटकुळा माणूस, डोक्याला मळकं मुंडासं आन् खांद्यावर कावड. कावडीच्या दोन्ही टोकांना गॅसबत्त्या लटकलेल्या. त्या घेऊन चालायचा तवा पायाखाली अंडी पसरलीत की काय असं वाटायचं. काच तडकंल, जाळी झडंल, ह्याच काळजीत त्याचं निम्मं आयुष्य गेलं. जाळी म्हंजी ती रेशमाची बारकी पिशवी. एकदा पेटली की तिची नुसती राख उरती, आन् ती राखच पांढरीफेक जळती. बत्तीजवळ कुणी शिंकलं तरी सत्तारभाई डोळे वटारायचा.

त्या बत्त्यांचं खानदान मोठं. त्याचे वडील इलाहीचाचा दौंडला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला व्हते. साहेब देश सोडून निघाले तवा सामानाचा लिलाव झाला. कुणी खुर्च्या घेतल्या, कुणी पलंग घेतले, एकानं तर बाजाची मोठी पेटी घेतली आन् तिच्यात कोंबड्या पाळल्या. इलाहीचाचांनी बत्त्या घेतल्या. थोरला गनी रेल्वेच्या कोळशावर लागला, आन् धाकटा सत्तार बत्त्या घेऊन यवतला आला. हितं बाजार, हितं गुऱ्हाळं, हितं लग्नसराई. उजेडाला गिऱ्हाईक हितंच.

स्वभावानं मात्र तिखट. कुणी चुकून ‘दिवा’ म्हणलं की झालंच. ‘दिवा तुमच्या देव्हाऱ्यात, ही बत्ती हाय,’ असं सुनवायचा. एका वरातीत नवरदेवाच्या मामानं हौसेनं पंपाला हात घातला, तर ह्यानं वरात तिथंच थांबवली. मामा माफी मागंस्तोवर पाऊल उचललं न्हाई. वाजंत्री वाजवून वाजवून दमले, नवरी घोड्यामागं उभी राहून रडकुंडीला आली, पण हा ढिम्म. आन् बत्ती तापवायला आधी स्पिरिट लागतं. दिवस दारूबंदीचे. एका फौजदारानं त्याच्या बाटलीचा वास घेतला आन् त्याला चावडीवर बसवून ठेवलं. सत्तारभाईनं तिथंच ते स्पिरिट ओतून बत्ती पेटवून दाखवली. फौजदारानं सोडलं, पण वर चावडीतली बंद पडलेली बत्ती फुकटात दुरुस्त करून घेतली. त्याचा राग सत्तारभाईला पुढं कितीतरी वर्षं व्हता.

लग्नात, उरुसात, तमाशात त्याच्या बत्त्या मिरवायच्या हे खरं. पण त्याचं खरं काम बाजारात. आमच्या बाजाराची एक रीत व्हती. दोन दुकानांमध्ये एक बत्ती. बांबू रोवायचा, त्याला बत्ती टांगायची, आन् दोघांनी तिचा उजेड वाटून घ्यायचा. माझ्या कढईत आन् अनसाबाईच्या बांगड्यांत एकच बत्ती. ती मला म्हणायची, तुझा धूर माझ्या उजेडाला लागतोय. मी म्हणायची, तुझ्या गिऱ्हाइकांची डोकी माझ्या उजेडात येत्यात. दर बाजाराचं भांडण, पण बत्ती एकच.

आन् दिवस मावळल्यावर बाजारात बत्त्या कशाला, असं शहरातला माणूस इचारंल. आवं, दिवसा बाजार करायला मोकळं कोण असतं? कासुर्डीच्या, आजूबाजूच्या वाड्यांच्या बाया उसात खुरपायला जात्यात. दिवस बुडाला की मालक मजुरी हातावर ठेवतो. तिथनं चालत बाजारात यायचं, ज्वारी घ्यायची, मीठ-मिरची घ्यायची, एखादीनं पोरीसाठी बांगड्या भरायच्या. बत्ती न्हाई तर त्यांना बाजारच न्हाई. मग पेढीवाल्याच्या दारात जायचं आन् तो देईल ते निमूट पदरात घ्यायचं. म्हणून सत्तारभाईच्या बत्तीला मी देवाघरचं काम म्हणायची. तो म्हणायचा, ‘आक्का, देवाघरचं न्हाई, रॉकेलचं काम हाय.’

तर त्या रॉकेलचंच पुढं वांधं झालं.

साल सत्तावन्नच्या सुरवातीचं. कुठं तरी परमुलखात लढाई झाली, सुवेझ का काय म्हणत्यात त्या कालव्यात जहाजं बुडवली, आन् तेलाची वाट बंद पडली. आता तो कालवा कुठं आन् आमचं यवत कुठं! पण टंचाई मात्र बरोब्बर आमच्या बाजारात येऊन बसली. रॉकेलचे डबे यायचे बंद झाले. इंजनात घालायचं क्रूड तेल मिळंना. गुऱ्हाळं थंडावली, पिठाच्या गिरण्या आठवड्यातनं निम्मे दिवस बंद.

आन् सरकारात ठरायला लागलं की रॉकेल फक्त घरच्या रेशन कार्डावर द्यायचं. धंद्याला थेंब न्हाई. मुंबईला विधानसभेत त्यावर रोज भांडणं. पोपटराव गुळाचे अडत्ये, आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या पेढीवर पेपर वाचला जायचा. मी भज्यांचा पुडा द्यायच्या निमित्तानं दाराशी उभी राहून ऐकायची. एक म्हणायचा, व्यापाऱ्याच्या हाती तेल गेलं की ते काळ्या बाजारात गेलंच म्हणून समजा. दुसरा म्हणायचा, व्यापाऱ्यावाचून खेड्यात तेल पोचवणार कोण. पुण्या-मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आपली माणसं धाडली, निवेदनं दिली, साहेबांच्या गाठी घेतल्या. माझं डोकं असं तापायचं! भजी तळणारी मी व्यापारी, आन् मुंबईत गोदामं भरून बसलेला तोबी व्यापारी. सरकारनं आम्हाला एकाच पोत्यात कोंबलं व्हतं, आन् पोत्याच्या तोंडाशी तो बसला व्हता.

सत्तारभाईच्या तर गळ्याशी आलं. निम्म्या बत्त्या त्यानं कापडात बांधून आढ्याला टांगल्या. उरलेल्या बाजारात लावायचा, त्याबी तास-दीड तास. गनी दौंडवरनं येऊन गेला. त्यानं फोरमनला सांगून ठेवलं व्हतं, कोळशावर जागा हाय, ये निघून. सत्तारभाईची बायको खुर्शिदभाभी मला म्हणाली, हे जातील, पण गेले की माणूस म्हणून परत यायचे न्हाईत. रात्री झोपेतबी हाताची बोटं जाळी बांधत असत्यात ह्यांची. बोलता बोलता तिनं पदर डोळ्याला लावला.  मी तिच्या हातावर गरम भजी ठेवली, दुसरं माझ्यापाशी व्हतं काय?

अशात बातमी आली की सरकारनं कमिटी नेमलीय. धंद्याला तेल द्यायचं का, कुणाला द्यायचं, हे ती गावोगाव फिरून व्यापाऱ्यांना इचारणार आन् मग मुंबईला सांगणार. कमिटी पुण्याहून दौंडला निघणार, आन् वाटेत आमच्या यवतला थांबणार. ही खटपट पोपटरावांची आन् मच्छिंद्रची. मच्छिंद्र शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा गिरणीवाला. क्रूड न्हाई म्हणून त्याची गिरणी बंद, आन् बायकांचे बोल त्याला खायला लागायचे. ह्या दोघांनी दौंड आन् शिरूर, दोन्ही तालुक्यांचे व्यापारी एक केले. तेवढं श्रेय त्यांचं.

पण मंडळात सारे पेढीवाले. बाजारात जमिनीवर बसणाऱ्याला तिथं कोण इचारतो? सत्तारभाई गेला आन् म्हणाला, माझ्या बत्त्यांचं बोला. पोपटराव म्हणाले, आधी क्रूडचं होऊ दे, मग बघू. तवा मी पुढं झाले. म्हणलं, पोपटराव, कमिटीम्होरं माणसं लागतील ना तुम्हाला? आम्ही बाजारवाले आलो न्हाई तर मंडप मोकळा दिसंल. पोपटराव हसले. माणूस वाईट न्हाई, फक्त अध्यक्ष झाल्यापासून जरा ताठ झाला व्हता. म्हणाले, ‘बरं बाई. सत्तार, तूच बोल तुझं. शेवटी उभा करतो तुला.’

मग काय, आठ दिवस सत्तारभाईचं भाषण चाललं. माझ्या कढईसमोर उभा राहायचा, मुंडासं सारखं करायचा, ‘सन्माननीय महोदय’ म्हणायचा आन् पुढं अडायचा. ‘महोदय’ हा शब्द त्याला शाळेच्या मास्तरांनी दिलेला. मी म्हणलं, महोदय सोडा, साहेब म्हणा. तो म्हणाला, सरकारी बोलणं असं न्हाई हुत, आक्का. अनसाबाई माझ्यापाशी येऊन बसायची आन् बांगड्या निवडता निवडता फिदीफिदी हसायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा कशाला तरी निवडणुकीला उभा राहिलाय.

कमिटी यायची तो दिवस नेमका बाजाराचा. दुपारी येणार म्हणून सांगितलेलं. धर्मशाळेच्या पटांगणात मंडप घातला, खुर्च्या आणल्या, हार आणले, फेटे आणले. दुपार झाली, दिवस कलला, मोटारीचा पत्ता न्हाई. लोणीजवळ मोटार बिघडली म्हणून निरोप आला. आता येणार ते दिवस मावळता मावळता. पोपटराव घाबरले. पाव्हणे येणार आन् मंडपात अंधार? गावाची अब्रू जाईल. त्यांनी सत्तारभाईला हाक मारली. ‘सत्तार, साऱ्या बत्त्या काढ. सडकेपासनं मंडपापर्यंत एक जागा काळी दिसता कामा नये.’

आता इथं कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायला पाहिजे व्हता. पण पाव्हणा म्हणलं की आमच्या माणसांना दुसरं काही सुचत न्हाई. घरात चटणी-भाकरी असू दे, पाव्हण्याच्या ताटात गोडधोड पडलं पाहिजे. त्या दिवशी तेच झालं. प्रत्येक दुकानदारानं घरातली, दुकानातली लपवलेली बाटली काढून दिली. अनसाबाईनं चिमणीतलं काढलं. मी कंदिलातलं ओतलं. किराणावाल्यानं तर देवाची शपथ घेऊन न्हाई म्हणलेला अख्खा डबा आणला. आन् सत्तारभाई? त्याचा तर ऊर भरून आला व्हता. कितीतरी महिन्यांनी त्यानं आढ्याच्या बत्त्या उतरवल्या, पुसल्या, नव्या जाळ्या बांधल्या. बाजारात रोवलेल्या बांबूंवरच्या बत्त्यासुद्धा काढून नेल्या. म्हणाला, तासाभराचा तर प्रश्न हाय. त्याच्या तोंडाकडं बघून मला न्हाई म्हणवलं न्हाई.

आन् बत्त्या पेटल्या. खरं सांगते, तसा उजेड यवतनं पुन्हा बघितला न्हाई, विजेचाबी न्हाई. सडकेपासनं दोन्ही बाजूंनी रांग. पटांगणात टाचणी पडली तर दिसावी. मोटार आली, साहेब उतरले. चष्मा लावलेले म्हातारे अध्यक्ष, बरोबर दोघं तिघं आन् लिहून घेणारा कारकून. फेटे बांधले, हार घातले, नारळ दिले, प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत झालं. पोपटरावांनी गुळाची ढेप भेट दिली. मंडपाच्या कडेला कढई लावून मी तळलेली भजी आली. मच्छिंद्रनं क्रूडचं सांगितलं, चांगलं सांगितलं. मग पोपटराव उभे राहून म्हणाले, रॉकेलची तर एवढी टंचाई हाय साहेब, की व्यापाऱ्याच्या घरात थेंब उरलेला न्हाई.

अध्यक्ष साहेबांनी चष्मा काढला. एकदा ह्या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला. आन् हसून म्हणाले, ‘पोपटराव, मी पाच तालुके फिरून आलो. प्रत्येक ठिकाणी एका कंदिलावर सभा झाली. तुमच्याकडं तर दिवाळी आहे.’

मंडपात बत्त्यांची सूं सूं तेवढी ऐकू येत राहिली.  पोपटराव काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, साहेब, हे तुमच्या मानासाठी! साहेब म्हणाले, म्हंजे मानासाठी रॉकेल आहे, असंच ना? कारकुनानं लिहून घेतलं. झालं. आमच्याच हातांनी आमच्या तोंडात मारून घेतलं व्हतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, दौंडला उशीर होतोय म्हणाले आन् उठायला लागले. शेवटी बोलायचं राहिलेला सत्तारभाई बांबूला टेकून उभा व्हता. तोंड पार पडलं व्हतं. मला वाटलं, गेला हा माणूस. उद्या कोळशावर.

मी त्याच्याकडं बघत व्हते म्हणून मला दिसलं.  त्यानं समोरची बत्ती बांबूवरनं उतरवली, हातात धरली आन् मंडपातनं चालता झाला. सडकेकडं न्हाई, बाजाराकडं. पोपटराव ओरडले, अरे सत्तार, कुठं निघालास, डोकं फिरलं का? तो थांबला न्हाई. तवा मला काय झालं कोण जाणे, मी झारा खाली ठेवला आन् माझ्या शेजारची बत्ती उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बत्तीला हात लावला. अनसाबाईनं दुसरी घेतली. मग कापडवाल्यानं, मिरचीवाल्यानं, ज्यानं त्यानं आपापल्या बाजारातली बत्ती उचलली. मंडप एकेका बत्तीनं काळवंडत गेला. साहेबांना काय करावं कळंना, तर उजेडामागं तेबी चालायला लागले.

आन् बाजारात पोचल्यावर आम्हीच जागच्या जागी थांबलो. आम्ही विसरलोच व्हतो. तास दीड तास झाला, बाजार अंधारात बसला व्हता. कासुर्डीकडनं आलेल्या बाया, डोक्यावर खुरप्याचं गाठोडं तसंच, रांगेनं बसलेल्या. कुणी अंधारात बोटांनी ज्वारी चाचपत व्हती, किडकी का चांगली. कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. एक न्हाई कुरकुरली. पाव्हणे आलेत म्हणून बत्त्या नेल्यात, येतील परत, एवढंच त्यांना ठाऊक. मला इतकी लाज वाटली म्हणता!

सत्तारभाईनं बत्ती बांबूला टांगली, पंप मारला, उजेड पसरला. मग तो साहेबांकडं वळला. महोदय वगैरे समदं विसरला व्हता. म्हणाला, ‘साहेब, ती पाव्हण्यांची जागा व्हती. आम्ही चुकलो. ह्या बायांचा उजेड काढून तिकडं नेला. आमची खरी जागा ही हाय.’

 मग साहेब पुढच्याच बाईपाशी वाकले. ती दगडाबाई, कासुर्डीच्या बाजूची, उन्हात रापलेली. त्यांनी इचारलं, बाई, बाजार दिवसा का करत नाही? दगडाबाईनं त्यांच्या फेट्याकडं, हाराकडं बघितलं. तिला कुणी साहेबानं कधी काही इचारलं नव्हतं.

‘दिवस मालकाचा असतो, साहेब,’ ती म्हणाली. ‘मजुरी हातात पडती ती दिवस बुडल्यावर. आमचा बाजार असतो तो ह्याच्या बत्तीत.’

साहेबांनी मागं बघितलं. कारकून मंडपातनं धावत आला व्हता. साहेब त्याला म्हणाले, मघाशी दिवाळी लिहिलंस ना? त्याच्याखाली हे लिही, जसं बाई बोलली तसं. मग ते बराच वेळ बाजारात फिरले. अनसाबाईला इचारलं, मिरचीवाल्याला इचारलं, दोन दुकानांत एक बत्ती ही रीत समजून घेतली. सत्तारभाईला म्हणाले, घरचं रॉकेल कमी करून तुम्हाला देता येणार नाही, हे कळतं ना? सत्तारभाई म्हणाला, ‘घरचं नका कमी करू साहेब. लग्नाला, वरातीला एक थेंब देऊ नका. बाजारापुरतं द्या. बाजार माझा एकट्याचा न्हाई.’ पोपटराव बाजूला उभे व्हते. वरातीच्या बत्त्या म्हंजी ह्या माणसाचा जीव, हे त्यांना ठाऊक. त्यांनी एकदम सत्तारभाईच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाले, साहेब, मंडळाची हीच मागणी समजा. कबूल करते, त्या वक्ताला मला पोपटराव आवडले.

साहेबांनी शब्द मात्र दिला न्हाई. ऐकलं म्हणाले, सांगतो म्हणाले, आन् मोटार दौंडकडं गेली. मच्छिंद्रनं जाताना सत्तारभाईला मिठी मारली. बाकीचे पेढीवाले कुजबुजत व्हते की क्रूडचं राहिलं बाजूला आन् ह्याच्या बत्त्याच मोठ्या झाल्या.

मग थांबणं सुरू झालं. रॉकेल तर त्या रात्रीच संपलं व्हतं. दोन बाजार अंधारात गेले, म्हंजी दिवस मावळायच्या आत उठले. दगडाबाई आन् तिच्या बाया आल्या आन् रिकाम्या जागेकडं बघून परत फिरल्या. तिसऱ्या बाजाराला एक बत्ती लागली, ती पोपटरावांनी दिलेल्या रॉकेलवर. गनी पुन्हा आला. आता फोरमन थांबणार न्हाई, येत्या बाजारानंतर चलायचंच, असं ठरवून गेला. सत्तारभाईनं हो म्हणलं. मी खुर्शिदभाभीला पेटी आवरताना बघितलं.

त्या बाजाराच्या दिवशी गनी सकाळच्या गाडीनं आला तो भावाला न्यायलाच. माझ्यापाशी बसला, चहा घेतला. त्यालाबी बरं वाटत नव्हतं, पण भाऊ उपाशी मरावा असंबी वाटत नव्हतं. दुपारी पोपटरावांच्या पेढीवरनं बोलावणं आलं. सत्तारभाई गेला. लवकर परत येईना म्हणून मी आन् गनी गेलो. तर पेढीवर पोपटराव कागद हातात घेऊन उभे, मच्छिंद्र शिरूरहून आलेला, आन् सत्तारभाई गुळाच्या ढेपेवर बसलेला, तोंडाला मुंडासं लावून.

पोपटरावांनी मला सांगितलं. सरकारनं मानलं व्हतं. जिथं मजुरांचा बाजार दिवस मावळल्यावर भरतो, तिथं बाजारापुरतं रॉकेल मिळणार, मंडळाच्या हाती. फार न्हाई, पण बाजार तग धरंल एवढं. गिरण्यांना क्रूडबी मिळणार, थोडं उशिरानं. लग्नकार्याला मात्र काही न्हाई. सत्तारभाईनं मागितलं व्हतं तेच, तेवढंच. नुसत्या आमच्या यवतला न्हाई, जिथं जिथं असा बाजार भरतो तिथं. मी तिथंच उंबऱ्यात बसले. माझ्या डोळ्यांना धार लागली.

संध्याकाळी बाजार भरला. सत्तारभाई कावड घेऊन आला. बत्त्या निम्म्याच व्हत्या, बाकीच्या आढ्यालाच राहिल्या.  त्यानं बांबू रोवले, खाली बसला आन् जाळी बांधायला घेतली. गनी त्याच्यापाशी उभा व्हता, पिशवी हातात. शेवटची गाडी सुटायला आली व्हती. त्यानं इचारलं, मग फोरमनला काय सांगू?

सत्तारभाईनं वर बघितलं न्हाई. गाठ मारत म्हणाला, ‘सांग, बाजार हाय.’

 गनीनं पिशवी खाली ठेवून बांबू धरला, भावानं वर बत्ती टांगली. गाडीचा भोंगा वाजला तवा तो पळत सुटला. मी त्याच्या हातात भज्यांचा पुडा कोंबला, एवढंच जमलं.

अंधार पडता पडता कासुर्डीकडनं बाया आल्या. लांबनं उजेड दिसल्यावर त्यांचं चालणं जोरात झालेलं मला कळलं, आवाजावरनं. दगडाबाई पुढं व्हती. बत्तीखाली येऊन थांबली, वर बघितलं, मग सत्तारभाईकडं.

‘आज हाय व्हय बत्ती?’

‘हाय.’

‘आन् पुढच्या बाजाराला?’

‘पुढच्याबी,’ सत्तारभाई म्हणाला. ‘दर बाजाराला.’

तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पाय पसरले, आन् ज्वारीच्या ढिगापाशी बसून एकेक दाणा उजेडात धरून, घाई न करता बघायला लागली.